एका भेटीची सवलत

बाईंनी पट्टी लावून तिसऱ्या नावावर रेघ मारली. नुसत्या हाताने मारली असती तरी चाललं असतं. कागद पाठकोरा होता आणि तो बघायला घरात नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. पण वाकडी रेघ बाईंना खपायची नाही. पहिल्या नावावर रेघ मारताना त्यांना थोडं वाईट वाटलं होतं, दुसऱ्याच्या वेळी त्याहून कमी. तिसरं नाव ऑफिसच्या हेडक्लार्कचं होतं. त्यांचा निरोपाचा कार्यक्रम गच्चीवर होता, मोकळ्या हवेत, चाळीस माणसांत. तिथे पेन आपोआपच पळालं.

"गच्चीवर आहे म्हणे," नवरा पलीकडून म्हणाला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपवर भूगोलाचे पेपर तपासत बसला होता. "वारा चांगला असतो तिथे."

"मग वाऱ्यालाच सांगा जाऊन यायला."

साथ आल्यापासून त्यांचं जेवणाचं टेबल म्हणजे अर्धी शाळा आणि अर्धं हॉस्पिटल झालं होतं. नऊ महिने दोघं एकमेकांसमोर बसून परक्या माणसांशी बोलत होते. जेवायच्या वेळी बोलायला काही उरायचं नाही, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

कागदावर नऊ नावं होती. वर्षअखेरच्या सुट्टीआधीच्या दहा-बारा दिवसांत ज्यांना ज्यांना बाईंनी "हो हो, येते की" म्हणून ठेवलं होतं, ती सगळी. त्यांतलं एक ठेवायचं होतं. ही लेकीची अट होती.

लेक दुसऱ्या शहरात, रेल्वेने सात तासांवर. तिला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली आणि बाईंनी नात अजून फोनवरच पाहिली होती. पडद्यावर नात कधी नुसता कान असायची, कधी नुसतं जावळ, आणि नीट तोंड दिसायला लागलं की नेमकी झोपायची. सुट्टीचे आठ दिवस आईबाबांनी यावं असं लेकीनं ठरवलं होतं. तेवीसला निघायचं. पाच तारखेला तिनं फोन करून सांगितलं.

"पण आई, यायच्या आधी दहा दिवस कुणाला भेटायचं नाही. कामाचं तुझं घरूनच आहे, ते ठीक. सामानसुद्धा दारात ठेवून घ्यायचं."

"नाही भेटत."

मग लेकीच्या मागे जावयाचं काहीतरी बोलणं चाललं होतं आणि तिनं फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला होता.

"बरं, एक. एक भेट चालेल. जिच्याशिवाय चालणारच नाही अशी. कुणाची ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही."

बाईंनी फोन ठेवला तो लगेच मावशीला लावायला. त्यांना ठरवावंच लागलं नव्हतं. आई गेली तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि तेव्हापासून मावशीनं त्यांचं सगळं केलं. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लग्न नाही. पुढे बाई नोकरीला लागल्यावर लेकही शाळेतून आधी मावशीकडेच यायची. दप्तर तिथे, जेवण तिथे, पाढे तिथे. ती मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला नऊ महिने एकटी होती आणि बाईंनी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

"मावशी, एक भेट मिळालीय," बाई म्हणाल्या होत्या. "मग तुझ्याकडेच येते. वीस तारखेला, चार वाजता."

"एवढीशी मिळालीय, आणि ती माझ्यावर घालवतेस?" मावशी म्हणाली होती, पण तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

हे झालं पाच तारखेला. आज नऊ होती, आणि बाई पट्टी घेऊन बसल्या होत्या.

त्याचं असं होतं की बाईंचा हात या कामात फार तयार झाला होता. डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्या ऑपरेशनच्या तारखा देत. तिथे त्यांना तारीखबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. साथ आल्यावर ऑपरेशनं निम्म्यावर आली, आणि तारखा देणं हे काम जाऊन तारखा काढून घेणं हे काम आलं. दिवसाला साठ फोन. मोतीबिंदूनं माणूस मरत नाही, तेव्हा तो थांबू शकतो, असं वरून ठरलं होतं. थांबायला सांगायचं बाईंनी. "रद्द" हा शब्द त्या चुकूनही काढत नसत. "जरा पुढे घेऊ या," असं त्या म्हणत, आवाज कोमट ठेवून. समोरच्याला आपल्याकडून काही काढून घेतलंय हे फोन ठेवल्यावर दोन मिनिटांनी कळे.

नऊ महिन्यांत त्यांना एक गोष्ट समजली होती. जी माणसं ओरडतात त्यांना कुठे ना कुठे जागा काढून द्यावीच लागते, कारण ती उद्या पुन्हा ओरडणार असतात. आणि जी "काही हरकत नाही, तुमच्या सोयीनं बघा" म्हणतात, ती खाली खाली जात राहतात. बाई दुष्ट होत्या असं नाही. साठ फोन करायचे तर कुठेतरी सोपं असावं लागतं.

परवाच्याच गुरुवारी बघा. सकाळी यादी उघडली तर चौदा तारखेची साडेनऊची जागा मोकळी. चौकशीच्या खिडकीवर कुणीतरी फोन करून स्वतःहून सोडली होती. अशी जागा म्हणजे लॉटरीच. कुणी सोडली, का सोडली, हे बघायला कोण बसतो? बाईंनी ती दहा मिनिटांत एका टॅक्सीवाल्याला दिली. तो दोन महिने रोज फोन करून भांडायचा. "बाई, मला समोरच्या गाडीचे दोन दिवे चार दिसतात, माणूस मेला म्हणजे तारीख देणार का?" असं त्याचं रोजचं पालुपद होतं. त्याचा रोजचा फोन बंद होणार म्हणून बाईंचाही जीव भांड्यात पडला.

आता कागदावर आठ रेघा हव्या होत्या आणि सात झाल्या होत्या. उरली दोन नावं. मावशी, वीस तारीख. आणि दीर, सतरा तारीख, रविवार, दुपारचं जेवण. दिराला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. फक्त घरची माणसं, मोजून आठ, असं जाऊबाईंनी दोनदा फोन करून सांगितलं होतं. दुसऱ्या फोनवर त्यांनी असंही सांगितलं होतं की, "तुम्ही नाही आलात तर आम्ही समजायचं ते समजू."

"नको जायला," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "माझा भाऊ आहे. मी सांगतो त्याला."

"तुम्ही सांगाल आणि ऐकून मी घेईन. त्यांच्या नव्या घराच्या वेळी नाही गेलो, ते सहा वर्षं उकरून काढतायत. अजून संपलं नाही."

"मग काढू देत."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला."

नवऱ्यानं खांदे उडवले आणि कुणाला तरी दहापैकी चार दिले.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मावशीला आपण शब्द दिलाय, हे त्यांना चांगलं आठवत होतं. पण मावशी समजून घेईल, हेही त्यांना तितकंच माहीत होतं, आणि जाऊबाई मेल्या तरी समजून घेणार नाहीत. मावशीनं आयुष्यात आवाज चढवल्याचं बाईंनी ऐकलं नव्हतं. चूक दिसली की समासात बारीकशी खूण करायची, पुढचं छापणारा बघून घेईल, ही तिची नोकरीची रीत होती आणि माणसांशीही ती तशीच वागायची. सुट्टीवरून आल्यावर जानेवारीत तिच्याकडे निवांत जाता येईल. एक तास कशाला, दिवसभर. बाईंना हा विचार इतका पटला की त्यांनी लगेच फोन उचलला. पटलेला विचार टिकेल याची खात्री नसली की माणूस घाई करतो.

"मावशी, वीस तारखेचं जरा पुढे घेऊ या का?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि बाईंनाच ते ऐकू आलं. आवाजसुद्धा तोच होता, कोमट.

"का गं? बरं नाही का तुला?"

"छे, मी ठणठणीत आहे. पण म्हटलं, उगीच धोका कशाला. बाळ एवढंसं. एक भेट म्हणाली ती, पण आपण शून्यच करावी. कुणाकडेच जात नाहीये मी."

"कुणाकडेच नाही?"

"कुणाकडेच नाही."

बाईंनी पट्टी कागदाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाली. "बाळ आधी. मी आपली खुर्च्या गॅलरीत नेऊन ठेवल्या होत्या, तिथे हवा खेळती असते. त्या आत घेते. जानेवारीत ये मग."

"नक्की येते. दिवसभर येते."

"ये, ये. मला काय, मी इथेच आहे."

बाईंनी फोन ठेवला. मावशीच्या नावावर मात्र त्यांना रेघ मारवेना. त्यांनी नावापुढे "जानेवारी" असं लिहिलं, नीट अक्षरात.

रविवारी दिराकडे मोजून आठ माणसांऐवजी चौदा निघाली. जाऊबाईंची बहीण आयत्या वेळी सहकुटुंब आली होती. बाहेर गारठा म्हणून खिडक्या बंद होत्या. बाई मास्क नाकावर ओढून दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि कुणी समोर येऊन हसायला लागलं की श्वास रोखून धरू लागल्या. दिरानं माईक आणवला होता. तो गाऊ लागला आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर गळे काढले तेव्हा बाईंनी खुर्ची दाराकडे आणखी सरकवली. नऊ महिने सांभाळलं, नवऱ्याला केस कापायलासुद्धा बाहेर पाठवलं नाही, आणि आता ही बंद खोली आणि हे गाणं.

जाऊबाई ताट घेऊन आल्या तेव्हा बाईंनी हात जोडले.

"घरी नेते. इथे मास्क काढायला नको."

"अगंबाई! एवढी भीती वाटत होती तर यायचं कशाला?" जाऊबाई म्हणाल्या, अगदी मनापासून. "नसता आलात तरी चाललं असतं की. आपण घरचीच माणसं, आपल्यात कसला आलाय मानपान."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, पण तो टोमणा नव्हता. जाऊबाईंना आपला फोन आठवतसुद्धा नव्हता. त्या मनाला येईल ते बोलून मोकळ्या होत, आणि बाई ते सहा-सहा वर्षं जपून ठेवत.

घरी येताना नवरा एकदाच बोलला.

"मी सांगणार होतो त्याला."

"माहितीय," बाई म्हणाल्या, आणि घरी येऊन त्यांनी अंगावरचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकले. त्यात निळी साडी होती, तिचा रंग गेला.

मंगळवारी, म्हणजे एकोणीसला, बाई जानेवारीच्या याद्या करायला बसल्या. सुट्टीवर जायच्या आधी तेवढं एकच काम राहिलं होतं. वरची नावं सरळ होती. तळाशी स्वतःहून तारीख सोडलेल्यांची नावं असायची. हा नियम बाईंनीच केला होता, साथीच्या पहिल्या महिन्यात. तेव्हा लोक घाबरून धडाधड तारखा सोडत आणि आठ दिवसांनी परत मागत. मग बाईंनी साहेबांना सुचवलं की जो स्वतःहून सोडेल तो रांगेच्या शेवटी. साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं होतं.

अशा नावांपुढे कारणाचा रकाना असे. तो भरायचं काम चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंचं, आणि त्या पेशंट बोलेल ते शब्दशः लिहीत. तारीखबाई कधी ते वाचत नसत. आज एक ओळ इतकी लांब होती की ती रकान्याबाहेर येऊन पुढच्या दोन घरांत पसरली होती, आणि यादी सरळ दिसेना म्हणून त्या ती आखूड करायला गेल्या.

"वीस तारखेला भाची भेटायला येणार आहे. हॉस्पिटलात जाऊन आलेली मी तिला चालणार नाही, कारण तिला तिथून तान्ह्या नातीकडे जायचे आहे. माझी तारीख दुसऱ्या कुणाला द्यावी. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जागच्या जागी होते. ते चौकशीवाल्या बाईंचे नव्हतेच, त्या पूर्णविराम कधीच देत नसत. सांगणारीनं फोनवर सांगून घातले असणार.

बाईंनी ओळीच्या सुरुवातीला जाऊन नाव वाचलं. मग वय. मग पत्ता, तिसरा मजला. नोंदणी चौदा महिन्यांपूर्वीची. मिळालेली तारीख चौदा, वेळ साडेनऊ. सोडली सहा तारखेला. त्याच्या पुढे डॉक्टरांचा शेरा होता. उजवा डोळा, हातभर अंतरावरची बोटं मोजता येतात. डावा, थोडा बरा.

आपल्याच हॉस्पिटलात चौदा महिने नाव होतं आणि आपल्याला पत्ता नाही. रांगेनं लागलेल्या तारखा संगणक आपणहून कळवायचा, ती नावं बाईंच्या नजरेखालून जायचीच नाहीत. डोळे कसे आहेत विचारलं की मावशी म्हणायची, "वयाचे आहेत." भाची आत आहे म्हणून आपण पुढे घुसलो, असं कुणी म्हणू नये म्हणून ती गप्प राहिली असणार. रांगेत उभी राहिली, नंबर लागला, आणि मग एका तासासाठी तो सोडून दिला. तो टॅक्सीवाला काल नीट दिसायला लागल्याचा फोन करून गेला होता. हॉस्पिटलातल्या सगळ्यांचं भलं होवो म्हणाला होता.

बाईंनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून फोन लावला.

"मावशी, तू तारीख का सोडलीस?"

"तुला कुणी सांगितलं?" मावशी दचकली. मग हसली. "हां, तूच बसतेस नाही का तिथे. अगं, सोडली म्हणजे काय, पुढची मिळेल की."

"कधी मिळेल ठाऊक आहे तुला?"

"मिळेल तेव्हा मिळेल. आरडाओरडा करण्यासारखं काय आहे त्यात."

बाईंना रडू यायला लागलं, आणि मावशीला ते कळू नये म्हणून त्या मोठ्यानं बोलल्या.

"मी उद्या येते. चार वाजता. ठरलं होतं तसं."

"आता कशी येशील? शेजारच्या बाई येतात ना आता रोज. शिकवण्या घेतात त्या, दहा घरची मुलं त्यांच्याकडे. तुझ्यासाठी दार लावून घेतलं होतं, तू नाही म्हटल्यावर उघडलं. संध्याकाळी तासभर बसतात, पेपर वाचून दाखवतात. फार चुका करतात वाचताना, पण येतात."

"एक दिवस त्यांना नको म्हण."

"एका दिवसानं काय होतंय? त्या कालही आल्या होत्या. आणि तू एवढं सांभाळलंस, कुणाकडे म्हणून गेली नाहीस, आता शेवटच्या चार दिवसांत सगळ्यावर पाणी ओतायचं का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. रविवारचं सांगितलं असतं तर मावशी रागावली नसती, हेच अवघड होतं. रागावणारं माणूस असतं तर बाईंनी सांगूनही टाकलं असतं.

"नाही का गं गेलीस कुणाकडे?" मावशीनं सहज विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. बाळाला नीट धर, मान सांभाळ."

बाहेर येऊन बाईंनी यादी पुन्हा पुढ्यात घेतली. नाव वर सरकवणं हातातलंच काम होतं. पण रांग मोडायची तर संगणक कारण विचारायचा, आणि द्यायला फक्त तीन कारणं होती. एकच डोळा असणे. वाहनचालक. डॉक्टरांची शिफारस. बाईंनी तिन्ही वाचली. साहेबांना फोन करून सांगता आलं असतं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि आपणच केलेला नियम आपल्याच माणसासाठी मोडा, असं म्हणावं लागलं असतं. सुट्टीवरून आल्यावर शांतपणे बोलू, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी कारणाची ओळ रकान्यात मावेल एवढी आखूड केली. "घरगुती अडचण." यादी सरळ झाली, आणि ती त्यांनी पाठवून दिली.

तेवीसला संध्याकाळी ती दोघं लेकीकडे पोचली. दारातच चपला, बॅगा बाहेर, आधी अंघोळ, मग नवे कपडे. जावयानं कपाळाशी यंत्र धरून ताप बघितला आणि ओशाळं हसला. मग लेकीनं बाळ बाईंच्या मांडीवर ठेवलं.

ते बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. त्याला दुधाचा आणि उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास येत होता. त्यानं बाईंचं बोट धरलं आणि सोडेचना. नऊ महिन्यांत बाईंना पहिल्यांदा कुणी घट्ट धरलं होतं. रविवारपासून त्या रोज सकाळी उठून घसा तपासत होत्या, वास येतो का म्हणून साबण हुंगत होत्या. काही झालं नव्हतं. सुटलो, असं त्यांना वाटलं. अगदी त्या क्षणी त्यांना दुसरं काहीही आठवत नव्हतं.

"कशी आहे मावशीआजी?" लेकीनं विचारलं. ती बाईंना टेकूनच बसली होती.

"बरी आहे."

"मी तुला सांगितलं नाही तेव्हा. हे शून्यावर अडून बसले होते. म्हणत होते, एकही भेट नको." तिनं जावयाकडे मान उडवली. "मीच भांडले. म्हटलं, मावशीआजीला न भेटता आई आठ दिवस इथे येऊन बसणार नाही, आणि तिनं तसं येऊही नये. एक भेट मी तिच्यासाठीच मागून घेतली."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्यानं पाठ फिरवली आणि तो रस्त्यावरच्या गाड्या बघू लागला.

"सांग ना, काय म्हणाली? बाळाचे फोटो दाखवलेस?"

"दाखवले," बाई म्हणाल्या. बाळ अजून बोट धरून होतं.

"दिसले तिला? काय म्हणाली?"

"म्हणाली..." बाईंनी बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. "हनुवटी तुझी घेतलीय म्हणाली."

लेकीचे डोळे भरून आले. तिनं बाळाच्या हनुवटीला बोट लावलं, मग स्वतःच्या. मग एकदम फोन ओढून घेतला.

"थांब, आत्ताच बोलू या तिच्याशी."

"अगं, राहू दे. ती आता..." बाई म्हणाल्या, पण पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. इतक्या लोकांना इतकं काही सांगून झालं होतं, आणि आता एक साधं कारण सुचेना. फोन मध्ये टेबलावर होता आणि त्यातून घंटी सगळ्या खोलीत ऐकू येत होती.

"मावशीआजी! मी बोलतेय. आई पोचली. माझ्याशेजारीच बसलीय, बाळाला घेऊन."

"पोचली का? छान झालं."

"तुझ्याकडे आली होती ना वीसला? मी तिला सोडलं होतं फक्त तुझ्यासाठी, एकच भेट. तुला सांगितलं का तिनं?"

फोनमध्ये लांबवर कुणीतरी वाचत असल्यासारखा आवाज होता, तोही थांबला. बाईंनी बाळाच्या डोक्यावरून टेबलाकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता तरी ओरड.

"हो गं, सांगितलं," मावशी म्हणाली. "आली होती की. बसली चांगली तासभर."

"आणि फोटो दिसले तुला?"

"दिसले. चांगले स्पष्ट दिसले."

"मग पुन्हा सांग, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. हनुवटी कुणाची म्हणालीस?"

मावशीनं उलट विचारलं.

"तुझी आई काय म्हणाली?"

"माझी म्हणाली."

"मग तुझीच," मावशी म्हणाली.

लेक हसली, जावई हसला. बाईंनी बाळाला जवळ ओढलं ते जरा जास्तच जोरात, आणि बाळ कळवळून रडायला लागलं.

"आण, माझ्याकडे दे," लेक म्हणाली, आणि तिनं ते बाईंच्या हातातून घेतलं.